कमानीला किती द्यायचं

दिंकाला गाणं वरून ऐकायची सवय होती, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. ती वाढलीच कमानीच्या डोक्यावर. क्रोएशियातल्या एका बेटावर मिल्ना नावाचं गाव आहे. तिथे बंदराच्या मागे दोन दगडी घरांना जोडणारी एक कमान आहे. तिच्याखालून बोळ जातो, आणि कमानीच्या बरोबर वर दिंकाच्या वडिलांचं, वित्स्कोचं, स्वयंपाकघर. शुक्रवारी संध्याकाळी वित्स्को आणि त्याचे तीन दोस्त त्या बोळात जमायचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अर्धं कडं करायचे आणि गायचे. वाद्य नाही, कागद नाही, समोर श्रोते नाहीत. अशा मेळाला इथे क्लापा म्हणतात. गाणं पुरुषांचं. बायकांनी वर मासे तळावेत आणि कान द्यावा.

दिंका कान द्यायची. पण पोर गाणाऱ्या गळ्याची होती, गप्प बसेना. खिडकीतून अर्धी बाहेर लोंबून ती बापाच्या वरच्या आवाजात आपला आवाज मिसळायची. मग वित्स्को गाणं न थांबवता, दोन ओळींच्या मधल्या श्वासात मान वर करून म्हणायचा, "खिडकी!" एवढंच. आई येऊन खिडकी लावायची. रागाने नाही बरं का. वारा सुटला की दोरीवरचे कपडे आत घ्या म्हणतात ना, तितक्या सहज. अशा सहजपणे केलेल्या गोष्टीच माणसाच्या अंगात मुरतात. रागावलेलं विसरायला होतं.

आता दिंका पन्नाशीला आलेली. नवरा तेलवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने कुठल्या ना कुठल्या समुद्रात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बंदरालगत खाली तिचं केस कापायचं दुकान आणि वर एक खोली. हिवाळ्यात पर्यटक गेले की गावात केस उरतात ते म्हाताऱ्यांचे, आणि त्यांना कापण्यासारखं फार काही नसतं. त्या रिकाम्या हिवाळ्यांत दिंका कॉम्प्युटरवर गाणी ध्वनिमुद्रित करायला शिकली. गाद्या आणि लोकरीच्या गोधड्या ठोकून तिने वरची खोली अशी मुकी करून टाकली की आत टाळी वाजवली तर टाळी मेल्यासारखी वाटावी. चर्चच्या मुलांचं गाणं तिने केलं, कुणाच्या लग्नातल्या पहिल्या नाचाचं केलं. गावात म्हण पडली होती, दिंकाकडे गेलात की डोकं आणि गळा दोन्ही नीट होतं.

वित्स्को कधी त्या खोलीत चढला नव्हता. "गोधडीत तोंड खुपसून गायला मी काय आजारी आहे?" म्हणायचा.

आणि मग खरोखरच आजारी पडला. उन्हाळाभर आवाज खरखरत होता, ते त्याने आधी धुळीवर ढकललं, मग थंड बिअरवर. शेवटी स्प्लिटच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. वेळेत सापडली, पसरलेली नाही, काढून टाकू, जिवाला धोका नाही. पण तंतूचा एक तुकडाही जाणार होता. डॉक्टरीण बाई सरळ बोलणारी. म्हणाली, "बोलाल. कुरकुर कराल, भांडाल. गाण्याचं मात्र विसरा."

सत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगितलं जातं तेव्हा तो काय करतो? वित्स्कोने घरी येऊन कोबीच्या रोपांना पाणी घातलं.

दिंकाशी बोलायला आला तो निक्शा. निक्शा क्लापातला दुसरा आवाज. पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचा, आणि अजून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतो. दिंका त्याला बार्बा म्हणते, म्हणजे काका.

"दिंका, ऑपरेशनच्या आधी त्याचा आवाज धरून ठेवायला हवा."

"बार्बा निक्शा, मी दहा वेळा विचारलंय. ते तयार नाहीत."

"तुला नाही म्हणतो. आम्हाला कसा म्हणेल?"

तिघे मिळून वित्स्कोकडे गेले. मधला आवाज प्रोस्पेर, बोटी बांधणारा, आणि खर्जाचा कुझ्मा, खाटीक, ज्याचं दुकान म्हणजे गावचं वर्तमानपत्र. वित्स्कोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डब्यात भरायला मी काय सार्डिन मासा आहे?"

"सार्डिन असतास तर बरं होतं," कुझ्मा म्हणाला. "निदान तेलात तरी बुडाला असतास. चल, ऊठ."

बोळात ध्वनिमुद्रण करणं शक्य नव्हतं. ऑगस्ट संपत आलेला. वरून सीगल, खालून स्कूटर, बंदरात नौकांचे जनरेटर आणि शेजारच्या हॉटेलात ताटल्यांचा खणखणाट. आणि दिंकाच्या खोलीत तिच्याशिवाय एकच माणूस मावायचा. म्हणून चौघांनी बोळात एकदा गाऊन ते फोनमध्ये भरून घेतलं, आणि मग एकेकाने वर जाऊन, कानात ते वाजत असताना, एकट्याने गायचं ठरलं.

एकट्याने! क्लापातल्या माणसाला एकट्याने गायला सांगणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल सोडून नांगर धर म्हणण्यासारखं. कुझ्मा पहिला गेला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चेहरा लालबुंद.

"काय झालं?" दिंकाने विचारलं.

"हात कुठे ठेवू?"

खरंच होतं ते. चाळीस वर्षं त्याचा उजवा हात कुणाच्या तरी खांद्यावर होता. दिंका खाली गेली आणि दुकानातला केस वाळवायचा टोप, तो चाकं लावलेल्या उभ्या दांड्यावरचा, उचलून वर घेऊन आली. टोप खांद्याच्या उंचीला आणला. कुझ्माने त्यावर हात टाकला, एक उसासा सोडला, आणि खोलीच्या गाद्या हादरतील असा खर्ज लावला. निक्शानेही तेच केलं. प्रोस्पेरने तर टोपाला नावच दिलं. "ही बाई बरी, निदान बेसूर गात नाही."

शेवटी वित्स्को. टोपाकडे त्याने असं पाहिलं, जसं कुणी त्याला कुबडी देऊ केली असावी. पायाने बाजूला ढकलला. दिंका कॉम्प्युटरसमोर पाठमोरी बसलेली. तिच्या खांद्यावर हात आला. जड, चुन्याने आणि दगडाने खरखरीत झालेला गवंड्याचा हात. त्याने डोळे मिटले आणि वरचा आवाज गायला. आवाज दोन ठिकाणी फाटला, पण जिथे लागला तिथे लखलखला. दिंका गाणं संपेपर्यंत इंचभर हलली नाही. पाठ अवघडली, तरी नाही.

चार आवाज हातात आले, चारही कोरडे ठाक. गोधड्यांच्या खोलीत गायलेला आवाज कसा असतो ठाऊक आहे? चिमटीत धरलेल्या माशासारखा. जिवंत, पण पाण्याबाहेर. त्याला पुन्हा पाणी द्यावं लागतं, म्हणजे घुमारा. कॉम्प्युटरमध्ये एक खोटी खोली असते. तिचा आकार ठरवता येतो, लहान देवघरापासून मोठ्या गिरजाघरापर्यंत. आणि पडद्यावर प्रत्येक आवाजाच्या पट्टीला एक छोटी सरकती कळ असते: या आवाजातला किती वाटा त्या खोलीत पाठवायचा. कळ खाली असली की माणूस तुमच्या कानाशी उभा; वर नेली की तो खोलीच्या पलीकडच्या टोकाला जातो. सगळी गंमत त्या कळेत. दिंका आपल्या गिऱ्हाइकांना केसांच्या फवाऱ्याबद्दल सांगायची, "दिसला म्हणजे जास्त झाला." घुमाऱ्याचंही तेच. हे ती जाणत होती, आणि तरीही.

तरीही तिने कळा वर नेल्या. चारही, सारख्याच, आणि बऱ्याच वर. खोली घेतली मोठी, दगडी, उंच छताची. डोळे मिटून ऐकलं, आणि ती एकदम आठ वर्षांची झाली. मासे तळण्याचा वास, खिडकीची थंड चौकट पोटाला, आणि खालून चार आवाजांचा मिळून एकच सोनेरी धूर वर येतोय. अगदी तस्सं. ती रडली. स्वतःच्या कामावर रडणाऱ्या माणसाने त्या दिवशी काम दुसऱ्याला दाखवू नये, असा नियम करायला हवा.

तिने लगेच दाखवलं. वित्स्कोची स्प्लिटला जायची बोट दुसऱ्या सकाळची होती. संध्याकाळी चौघे दुकानात जमले, केस कापायच्या खुर्च्यांवर आरशासमोर ओळीने बसले. कुझ्मा आधीच येऊन कानात सांगून गेला होता, "माझा जरा वाढव हं, खर्ज नसला की क्लापा म्हणजे बायकांचा चहा." प्रोस्पेरनेही आदल्या दिवशी तेच सांगितलं होतं, फक्त चहाच्या जागी दुसरं काहीतरी. दिंकाने वाजवलं.

गाणं मजेचं होतं. एका मुलीच्या दारावरून रोज मुद्दाम गाढव हाकणाऱ्या पोराचं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्या कडव्यात प्रोस्पेरने टोपी काढून मांडीवर ठेवली. आरशात चार म्हातारे दिसत होते, आणि चौघांचे चेहरे लांब होत होते.

गाणं थांबलं. घुमारा मात्र चालूच राहिला, सावकाश विरत.

"कोण गेलं?" प्रोस्पेरने विचारलं.

कुझ्मा हसायला गेला, पण हसू अर्ध्यात अडकलं. कारण प्रोस्पेर चेष्टा करत नव्हता. गावात क्लापाने चर्चमध्ये उभं राहून गायचं ते एकाच प्रसंगी, पुढ्यात शवपेटी असताना. उंच दगडी छताखाली लांबत जाणारा तो नाद या चौघांच्या कानांना फक्त तिथलाच माहीत होता. त्यांनी त्या नादात आपले बाप पोचवले होते, वित्स्कोने बायको.

वित्स्को खुर्चीतून उठला. मुलीकडे वळला. आवाज आधीच फाटलेला.

"दिंका, तू मला आत्ताच पुरलंस."

आणि दार उघडून गेला. दाराची घंटी किणकिणली, तेवढीच.

सकाळच्या बोटीवर निक्शा त्याच्याबरोबर गेला. दिंका धक्क्यावर पोचली तेव्हा वित्स्को आत बसला होता, काचेकडे पाठ करून. तिने हात हलवला, निक्शाने हलवला. बोट सुटली. म्हणजे बापाने आपल्या मूळ आवाजात मुलीला सांगितलेली शेवटची गोष्ट ती झाली. पुढे तो बोलेल, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात असेल. दिंका धक्क्यावरून परतली ती हाच हिशेब घेऊन.

तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला, हायसं वाटलं, आणि मग राग पुन्हा होता तिथे येऊन बसला. दोन आठवडे बोलायचं नाही, भेटायला नंतर या, असं रुग्णालयाने सांगितलं होतं. दिंका कात्री अशी चालवत होती की गिऱ्हाइकं कान सांभाळून बसत.

निक्शा परत आला आणि केस कापायला म्हणून येऊन बसला. वास्तविक त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं.

"बोला, बार्बा. तुम्हालाही पुरलं का मी?"

"मला नीट पुरलंस. मी देखणा वाटत होतो."

"चेष्टा नको. सांगा, काय चुकलं? मला जसं ऐकू यायचं, तसंच केलं मी. कणभर इकडेतिकडे नाही. लहानपणापासून दर शुक्रवारचं ऐकणं आहे माझं, मला कोण शिकवणार?"

"कुठून ऐकलंस?"

"कुठून म्हणजे? खिडकीतून."

निक्शा आरशात तिच्याकडे पाहत राहिला. मास्तरांची ती जुनी खोड, उत्तर पोराच्याच तोंडून यायची वाट बघायची. दिंकाची कात्री थांबली.

"आम्ही त्या खिडकीत कधी गेलो नाही गं," तो शेवटी म्हणाला. "मला ठाऊकच नव्हतं की वर ते असं पोचतं. सुंदर आहे. पण ते आमचं नाही. आम्ही गातो त्या जागी ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

"ते मला सांगता यायचं नाही. मी आत असतो. शुक्रवारी बोळात ये."

"मी? बोळात?"

"का, तुला जिने उतरता येत नाहीत?"

शुक्रवारी ती गेली. वित्स्कोची जागा मोकळी होती, कमानीच्या आतल्या भिंतीशी, निक्शाच्या डावीकडे. ती माइक घेऊन थोडी लांब उभी राहिली, तर कुझ्मा ओरडला, "तिथे काय उभी राहतेस सरकारी पाहुण्यासारखी! आत ये. ऐकायचंय ना? मग इथे." आणि तिला खांद्याला धरून रिकाम्या जागेत ओढलं. निक्शाचा हात तिच्या खांद्यावर आला. तिचा हात कुठे ठेवावा तिला कळेना, तो आपोआप निक्शाच्या पाठीवर गेला.

तिघे गायले. पहिली गोष्ट तिला कळली ती म्हणजे लसणाचा वास, कुझ्माच्या श्वासाचा. दुसरी, की आवाज उघडे होते. निक्शाच्या ओठांवरची थुंकी ऐकू येत होती. प्रोस्पेर प्रत्येक ओळीआधी जीभ टाळ्याला लावायचा, ते ऐकू येत होतं. खर्ज तर कानांनी नव्हे, बरगड्यांनीच ऐकू येत होता, आणि तो कुठेच घुमत नव्हता. बोळ दोन्ही बाजूंनी उघडा, खालचा सूर सरळ बंदरात निघून जात होता. सोनेरी धूर कुठेच नव्हता. आणि कमान गप्प.

"कमान का वाजत नाही?" कडवं संपल्यावर तिने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रोस्पेर म्हणाला, "ती तुझ्या बापालाच उत्तर देते. आमच्यासाठी तोंड उघडत नाही. मानिनी आहे."

मग ध्वनिमुद्रणासाठी, म्हणजे निव्वळ कामासाठी, दिंकाने तोंड उघडलं. वरचा आवाज लागल्याशिवाय कमानीचं मोजमाप होणार नव्हतं, एवढाच तिचा विचार होता. असं ती नंतर सांगायची, आणि खोटं नव्हतं ते, फक्त अपुरं होतं. पुढचं कडवं सुरू झालं आणि ती बापाच्या ओळीवर चढली. आणि कमान बोलली. लगेच नाही. सूर सुटला, क्षणभर उघडाच राहिला, आणि मग डोक्यावरून, किंचित मागून, कुणीतरी मान डोलावल्यासारखं उत्तर आलं. लहान, ऊबदार, आणि लगेच संपणारं. मधल्या आवाजांच्या वाट्याला त्यातलं थोडं आलं. खर्जाच्या वाट्याला काही नाही.

कडवं संपलं. कुझ्माने नाक शिंकरलं. "लसूण कमी खायला हवा," तो म्हणाला, आणि ज्याअर्थी कुझ्मा विषय बदलत होता, त्याअर्थी काहीतरी झालं होतं.

दिंका दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून वर बसली. मोठी खोली फेकून दिली, लहान दगडी घेतली. मूळ सूर आणि घुमारा यांच्या मध्ये एक बारीकशी फट ठेवली, कमान ठेवते तेवढी. घुमाऱ्यातला खालचा गुरगुराट कापून टाकला. आणि मग कळा. कुझ्माची जवळजवळ तळाला. त्याने ऐकलं असतं तर सुरा घेऊन आला असता. प्रोस्पेरची त्याहून जरा वर, निक्शाची आणखी जरा. चारही कळा सारख्या ठेवणं ही मूळची चूक होती. कमान काही वाणी नव्हे, सगळ्यांना सारखं तोलून द्यायला. वित्स्कोची कळ तिने सर्वांत वर ठेवली, कारण कमान त्याचीच होती. हे तिला पक्कं वाटत होतं.

आठवड्याने ती बोटीने स्प्लिटला गेली. वित्स्को खिडकीशी बसला होता, गळ्याला पट्टी, हाडं वर आलेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं, "तुमचे वडील फार चांगले, एक शब्द बोलत नाहीत." वित्स्कोने त्याच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यावरून दिंकाला कळलं की बाप शाबूत आहे.

"बाबा," ती म्हणाली, "बोलू नका. मलाही काही बोलायचं नाहीये. फक्त ऐका. नाही आवडलं तर पुसून टाकते, तुमच्यासमोर."

त्याने हेडफोन हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि कानाला लावले. दिंका खाटेच्या कडेला बसून मांडीवर कॉम्प्युटर सांभाळत राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं, पट्ट्यांवरचे दिवे तेवढे हलताना दिसत होते. गाढव पहिल्यांदा दारावरून गेलं. दुसऱ्यांदा गेलं. तिने मान वर केली नाही.

तिच्या खांद्यावर हात आला.

गाणं संपलं तरी हात तिथेच होता. मग त्याने बोट फिरवून पुन्हा वाजवायची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने हाताने खर्ज दाखवला, तळवा पोटाशी, आणि तळवा अजून खाली नेला. दिंका हसली. "कुझ्माला तुम्ही सांगणार असाल तर करते." तिसऱ्यांदा तो वाकून पडद्याकडे बघू लागला. यातला मी कोण, असं त्याने भुवयांनी विचारलं. तिने त्याची पट्टी दाखवली. "हा तुमचा आवाज. आणि ही कळ म्हणजे तुमच्यातला किती वाटा कमानीला द्यायचा ते."

वित्स्कोने त्या कळेकडे पाहिलं. सगळ्यांत वर होती. त्याने जाड बोट पुढे केलं आणि ती खाली ओढली.

"बाबा, इतकी नको, कमान ऐकूच येणार नाही."

त्याने आणखी खाली ओढली. थोडं ऐकलं, केसभर वर सरकवली, पुन्हा ऐकलं. उभ्या भिंतीला ओळंबा लावताना त्याची जशी मान एका बाजूला कलायची, तशी कललेली. मग बोट उचललं. एक हेडफोन त्याने आपल्या कानावरून काढून मुलीच्या कानाला लावला.

दिंकाने ऐकलं. कमान होती. पण आता ती तेव्हाच कळत होती, जेव्हा वित्स्को श्वास घ्यायला थांबे. गाताना तो वर नव्हता. तो इथे होता, निक्शाच्या डाव्या हाताला, फाटक्या सुरांसकट, चुन्याच्या वासासकट. सुधारलेल्या गाण्यातही तिने बापाला इतरांपासून वेगळा, लांब, थोडा वर ठेवला होता. जिथे गेलेली माणसं ठेवतात तिथे. त्याने स्वतःला उचलून पुन्हा माणसांत आणून उभं केलं.

"बरं," ती म्हणाली. "बरं, बाबा. तुमचंच खरं." आणि नाक पुसायला शेजारच्याचा रुमाल घेतला, त्याला न विचारता.

वित्स्को घरी आला तेव्हा ऑलिव्ह उतरवायला सुरुवात झाली होती. डॉक्टरीण बाई म्हणाली होती, हळूहळू एकेक शब्द काढा, कुजबुजू नका, ओरडू नका. त्याने शब्द काढलाच नाही. खुणा करायचा, टेबलावर बोटं वाजवायचा. आवाज कसा निघेल याची त्याला भीती वाटत होती, हे गावात सगळ्यांना कळलं होतं, आणि म्हणून कुणी विचारत नव्हतं. कुझ्मासुद्धा. कुझ्माने फक्त दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, मटण तोलता तोलता, कमानीखाली दिंका कशी गायली ते सांगितलं. वित्स्को कलेजी घ्यायला गेला तेव्हा त्यालाही सांगितलं. वित्स्कोने कलेजी घेतली आणि घरी आला.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या दिवशी नवी वाइन उघडतात. तिघे संध्याकाळी बोळात आले आणि वित्स्को खाली त्यांच्यात उतरला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. गाणार नव्हता, पण जागा त्याची होती. निक्शाचा हात त्याच्या खांद्यावर गेला, त्याचा निक्शाच्या. दिंका वर बापाच्या स्वयंपाकघरात बटाटे आणि पालेभाजी उकडत होती. खिडकी उघडी होती, वाफ जायला.

तिघे गायला लागले. गाढवाचं गाणं. खाली अगदी नीट चाललं होतं, आणि तरी वर काहीच पोचत नव्हतं. खर्ज बंदराकडे निघून जात होता. दिंका झारा हातात घेऊन खिडकीशी आली. डोकावली. आणि नकळत, तोंड मिटूनच, वरचा सूर गुणगुणली.

वित्स्कोने मान वर केली.

इतक्या वर्षांची सवय. तिचा हात खिडकीच्या दारावर गेलाच होता. तिने ते अर्धं ओढलंही.

"नको," खालून आवाज आला.

तिघे थांबले. तो आवाज कुणाचाच नव्हता. खडीवरून बोट ओढावी तसा, रुंद आणि खरखरीत. वित्स्कोही थोडा चपापला, आपल्याच घशाकडे ऐकत राहिला. मग बहुधा त्याने ठरवलं की चालेल. घसा खाकरला.

"खाली ये," तो म्हणाला. "हा कुझ्मा आम्हाला बुडवतोय."

"मी बुडवतोय?" कुझ्मा ओरडला. "मी? चाळीस वर्षं तुला तरंगत ठेवला मी, आणि पहिला शब्द बोलतोस तर हा?"

"पहिला 'नको' होता," निक्शाने दुरुस्ती केली.

दिंकाने गॅस बंद केला. ॲप्रन काढायचं राहिलं, झाराही हातातच राहिला. ती जिना उतरून बोळात आली तेव्हा प्रोस्पेरने तिच्या हातातला झारा काढून घेऊन भिंतीशी ठेवला, चर्चच्या दारात छत्री ठेवावी तसा. वित्स्कोने जागा सोडली नाही. अर्धं पाऊल सरकला, एवढंच; भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये एक माणूस मावेल इतपत. ती त्यात उभी राहिली. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला.

"गाढवापासून," वित्स्को म्हणाला.